शंभर सीसीची रोजची गाडी की रेसच्या घडणीची? सीमाभागातल्या रस्त्यांवर तुलना कशी करायची

गाडीच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त ताकद ठळक छापलेली असते आणि ती किती आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) मिळते, ते शेजारी बारीक अक्षरात. तुलना करायला बसलात की आधी ते बारीक अक्षर वाचा. रोज पळवायची गाडी आणि रेसच्या घडणीची गाडी यांच्यातला खरा फरक तिथं आहे. बसायची ठेवण, गिअर, अ‍ॅव्हरेज, देखभाल हे सगळं त्याच्यामागून येतं.

उदाहरणाला निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही गावात दिसणाऱ्या दोन गाड्या घेऊ. हिरो स्प्लेंडर प्लसचं इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद ८,००० आरपीएमला ८.०२ पीएस (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती), टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ६,००० आरपीएमला ८.०५ एनएम (न्यूटन-मीटर), गिअर चार, वजन ११२ किलो. यामाहा आर १५ व्ही ४ चं इंजिन १५५ सीसीचं, ताकद १०,००० आरपीएमला १८.४ पीएस, टॉर्क ७,५०० आरपीएमला १४.२ एनएम, गिअर सहा, वजन सुमारे १४२ किलो. दुसरी काही पूर्ण रेसची गाडी नव्हे, पण तिची घडण त्याच वळणाची आहे. खाली आलेलं हँडल, मागं सरकलेले फुटरेस्ट, वर चढवलेली मागची सीट आणि फेऱ्यांवर जगणारं इंजिन.

आता पिस्टनचा हिशेब करा. स्प्लेंडरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली जायची लांबी, ४९.५ मिमी. ८,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३.२ मीटर होतो. आर १५ चा स्ट्रोक ५८.७ मिमी, १०,००० आरपीएमला वेग साडेएकोणीस मीटरच्या वर. म्हणून त्या इंजिनाला रेडिएटर लागतो, चार व्हॉल्व्ह लागतात, चांगलं ऑइल वेळेवर लागतं. शिवाय त्यात ७,४०० आरपीएमच्या आसपास इनटेक व्हॉल्व्हसाठी दुसरा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा, लागू होतो. खडेबाजारातून गणपत गल्लीत शिरून भाजी घेऊन घरी येणाऱ्याची गाडी त्या आकड्यापर्यंत कधी पोहोचतच नाही. त्याने पैसे दिले दोन कॅमचे, वापरला एकच.

आधी आपला आठवडा कागदावर

टेस्ट राइड मागायच्या आधी एका आठवड्याचा प्रवास लिहून काढा. रोज किती किलोमीटर, त्यातले गावातले किती, हायवेचे किती, कच्च्या वाटेचे किती. मागं कोण बसतं, किती दिवस. गाडीला काय अडकवता: दुधाची किटली, खताची पिशवी, शाळेची दप्तरं, उद्यमबागेतल्या कारखान्याचा डबा. पावसाळ्याचे चार महिने वेगळे लिहा, कारण कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस आणि अथणीकडचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गाडीची निवड त्यावर फिरते.

हे लिहिलं की पुढचा हिशेब आपल्या रस्त्याला लावता येतो.

किती ताकद खरोखर लागते

सपाट रस्त्यावर ताठ बसून ६०च्या वेगाने जायला, वारा नसेल तर, चाकाशी साधारण ३ पीएस पुरतात. ८०ला तीच गरज ६ पीएसच्या आसपास जाते. वेग वाढला फक्त तिसऱ्या हिश्शाने, ताकद लागली दुप्पट, कारण हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. इंजिनाच्या ८ पीएसमधले चेन-गिअरमधले नुकसान वजा केले की चाकाशी सातच्या आसपास उरतात. म्हणजे हायवेवर ८०ला शंभर सीसीची गाडी जवळजवळ सगळं देऊन बसलेली असते. समोर उसाची ट्रॉली आली, ओव्हरटेक करायचं, तर हातात काही शिल्लक नाही. समोरून वारा असेल किंवा मागं माणूस बसला असेल तर ८०सुद्धा कठीण.

रेसच्या घडणीच्या गाडीकडे त्याच वेगाला दहाच्या वर पीएस शिल्लक असतात. पण ते मिळतात एक-दोन गिअर खाली टाकून आरपीएम वर नेल्यावर. सहाव्या गिअरमध्ये नुसती मूठ पिळून ते येत नाहीत, आणि नव्या माणसाची निराशा इथंच होते: "पिकअप नाही की हिला!" पिकअप आहे, पण चौथ्या गिअरमध्ये.

एक गोष्ट विसरू नये. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलची वेगमर्यादा ताशी ८० किमी आहे. तेव्हा बेळगाव-निपाणी मार्गावर "ही किती पळते" हा प्रश्नच बाद. बघायचं ते ६० ते ८० जायला किती वेळ लागतो. ट्रॉलीच्या शेजारी तुम्ही किती सेकंद उघड्यावर राहता, ते त्यावर ठरतं.

चढाचं गणित वेगळं निघतं. दहा मीटरला एक मीटर चढ, दोन माणसं आणि स्प्लेंडर मिळून २४२ किलो, वेग ४०. नुसतं वर चढायला साडेतीन पीएस, हवा आणि टायर मिळून आणखी एखादा. म्हणजे आठ पीएसची गाडी हा चढ ताकदीच्या हिशेबाने सहज चढायला हवी. तरी ती राजहंसगडाच्या चढावर अडखळते, त्याचं कारण गिअरमधलं अंतर. चारच गिअर असल्यामुळे तिसऱ्यात इंजिन गुरगुरतं आणि दुसऱ्यात टाकलं की किंचाळतं. सहा गिअरच्या गाडीला मधली पायरी मिळते. उलट त्याच चढावर मध्येच थांबून पुन्हा निघायचं असेल, पुढं बैलगाडी असेल, तर स्प्लेंडर क्लच सोडताच निघते आणि आर १५ ला चार-पाच हजार आरपीएम देऊन हाफ क्लचवर ओढावी लागते. रोज असं दहा वेळा केलं की क्लच प्लेटी वेळेआधी जातात.

टेस्ट राइड: एकच रस्ता, एकच दिवस, दोन्ही गाड्या

शोरूमवाले चौकाला वळसा घालून आणतात. त्यातून काही कळत नाही. निदान आठ-दहा किलोमीटर मागा, आणि ज्याला रोज मागं बसवता त्यालाच घेऊन जा. दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, लागोपाठ चालवा. निघायच्या आधी दोन्ही टायरांची हवा स्टिकरप्रमाणे तपासा. शोरूममधल्या गाडीत हवा बऱ्याचदा नको तेवढी भरलेली असते, आणि मग शॉकअप कडक आहेत असा चुकीचा ग्रह होतो.

पहिली परीक्षा गर्दीची. तिसऱ्या गिअरमध्ये २० किमी वेगाला या आणि मूठ अगदी हळू उघडा. स्प्लेंडर गुमान ओढेल. आर १५ मध्ये चेन खालून कटकट करील, गाडी दोन-तीन गचके देईल आणि मग उचलेल. यात बिघाड काही नाही. कमी फेऱ्यांवर अशा घडणीचा एक सिलिंडर असाच वागतो, तिथं दुसरा गिअरच हवा. तुमच्या रोजच्या रस्त्यावर अशी जागा किती वेळा येते ते मोजा. शहापूरच्या अरुंद गल्ल्यांतून जायचं असेल तर बऱ्याचदा येते.

दुसरी परीक्षा वळवायची. रिकाम्या जागेत हँडल पूर्ण तोडून गोल फिरवा. रेसच्या घडणीत हँडल टाकीला अडतं, म्हणून ते कमी तुटतं, आणि गल्लीत गाडी वळवायला दोनदा पुढं-मागं करावी लागते. सीटची उंची स्प्लेंडरची ७८५ मिमी, आर १५ ची ८१५ मिमी. तीन सेंटिमीटर ऐकायला काही नाही. चिखलाच्या उतारावर एक पाय टेकायचा असतो तेव्हा तेवढ्यातच गाडी पडते.

तिसरी गतिरोधकांची. कागदावर जमिनीपासूनची उंची दोघींची जवळजवळ सारखी, १६५ आणि १७० मिमी. पण स्प्लेंडरच्या दोन चाकांतलं अंतर १,२३६ मिमी, आर १५ चं १,३२५. चाकं एकमेकांपासून लांब असली की गतिरोधकाचा माथा पोटाला जवळ येतो, आणि तिथं फेअरिंगचा, म्हणजे गाडीभोवतीच्या प्लास्टिकच्या कवचाचा, खालचा भाग असतो. गावागावांनी स्वतः बांधलेल्या सिमेंटच्या उंच उंचवट्यांवर, मागं माणूस असताना, कानाने ऐका. एकदा घासल्याचा आवाज आला तर वर्षभर येणार.

चौथी परीक्षा अंगाची, आणि ती दहा किलोमीटरांत कळत नाही. खाली वाकून बसताना भार मनगटावर येत असेल तर तुमची बसण्याची पद्धत चुकते आहे: गुडघ्यांनी टाकी आवळून धरायची, पाठीच्या स्नायूंनी धड सावरायचं, कोपर सैल ठेवायचे. ते जमलं तरी ४० किमी वेगाला छातीवर वारा नसतो, आणि या ठेवणीला वाऱ्याचा आधार हवा असतो. म्हणून ती गाडी हायवेवर सुखाची आणि गावात मनगट धरणारी.

एक धोक्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. स्प्लेंडरचे चारही गिअर पायाच्या पुढच्या भागाने खाली दाबून चढतात. आर १५ मध्ये पहिला खाली आणि बाकीचे पाच वर उचलून. दहा वर्षं स्प्लेंडर चालवलेला पाय चौथ्यातून पाचवा टाकायला सवयीने खाली दाबतो आणि गाडी तिसऱ्यात पडते, मागचं चाक उडायला लागतं. स्लिपर क्लच (गिअर अचानक खाली पडला तर थोडा घसरून झटका कमी करणारा क्लच) ते बरंच सावरतो, पण ओल्या रस्त्यावर वळणात असाल तर नेहमीच सावरेल असं नाही. पहिले आठ दिवस गर्दीत आणि घाटात नेऊ नका. घरात दोन्ही गाड्या असतील आणि दोन्ही चालवायच्या असतील तर ही चूक वर्षांनंतरही होते.

ब्रेक

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. आर १५ ला दोन्ही चाकांना डिस्क आहे, पुढची २८२ मिमीची. स्प्लेंडरला ड्रम १३० मिमीचे.

कोरड्या डांबरावर चांगल्या टायरने ४० वरून थांबायला साधारण ९ मीटर लागतात, ६० वरून २०, ८० वरून ३६. यात ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. ८०ला त्या एका सेकंदात आणखी २२ मीटर जातात. ही मर्यादा टायरच्या पकडीची आहे. एकदा-दोनदा थांबायला चांगला जुळवलेला ड्रमही तिच्याजवळ जातो. फरक पडतो तो चोर्ला घाट उतरताना. गोव्याकडच्या उतारावर वळणामागून वळण, दर वेळी ब्रेक, आणि ड्रममधली उष्णता बाहेर जायला वाट नाही. लायनर तापले की ब्रेकचा जोर उतरतो, पायाला पॅडल खोल जातं. शंभर सीसीची गाडी घाटात नेताना ज्या गिअरने चढ चढाल त्याच गिअरने उतरा, ब्रेक सतत घासत ठेवू नका, वळणाआधी एकदा नीट दाबा आणि सोडा. पाण्यातून गेलात तर पलीकडे हळू चालत दोन-तीनदा ब्रेक लावून ड्रम कोरडे करा.

डिस्कचा तोटा एवढाच की ती सांभाळून वापरायची सवय नसेल तर पुढचं चाक घसरतं. एबीएस असलं तरी लाल मातीच्या पातळ चिखलावर ते फक्त चाक अडकू देत नाही; थांबण्याचं अंतर कमी करत नाही.

राड, लाल माती, काळी माती

सीमाभागात ही तुलना शहरातल्या तुलनेपेक्षा वेगळी होते ती मातीमुळे. चिकोडी-अथणीकडची काळी माती पावसात टायरला चिकटत जाते. रेसच्या घडणीच्या गाडीत टायर रुंद, मागचा १४० मिमीचा, आणि टायर व मडगार्ड यांच्यातली फट लहान. शेतवाटेवर शंभर-दोनशे मीटरांत ती फट भरते आणि चाक जाम होतं. काडीने माती काढत बसावं लागतं. स्प्लेंडरचा ८०/१०० चा अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकतो, रुंद टायर वर तरंगतो. रानात रोज जायचं असेल तर इथं वाद संपला: शंभर सीसीची गाडी घ्या.

खानापूर-जांबोटीकडची लाल माती चिकटत नाही, ती कुरतडते. आर १५ चे पुढचे शॉकअप उलटे आहेत, म्हणजे चकचकीत नळी खाली चाकाजवळ. चाकाने उडवलेली लाल राड थेट त्या नळीवर बसते, वाळते आणि शॉकअप खाली-वर होताना ऑइल सीलची कड कापते. सील गेलं की ऑइल नळीवरून ओघळून ब्रेकच्या कॅलिपरवर येतं, पॅड भिजतात, ब्रेक लागत नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर नळीवर साध्या पाण्याची धार सोडा, ओल्या मऊ फडक्याने पुसा. वाळलेली राड कोरड्या फडक्याने घासू नका. महिन्यातून एकदा नळीवर बोट फिरवून बघा. बोटाला तेलाची कड लागली तर सील बदलायची वेळ झाली, आणि दोन्ही बाजूंची एकदमच बदला.

चेनचंही तसंच. स्प्लेंडरची चेन पूर्ण झाकणात असते, पाऊस-माती कमी लागते. उघडी चेन दर ५०० किमीला, पावसात भिजली तर त्याच दिवशी, साफ करून ल्यूब करायची. ब्रशने माती काढा, चेन क्लीनर मारा, पुसून कोरडी करा, मग चेनच्या आतल्या बाजूने ल्यूब मारून पंधरा-वीस मिनिटं गाडी तशीच ठेवा. ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल लावू नका, रिंगा फुगतात. ढील खालच्या पट्ट्याच्या मध्यावर मोजायची, चाक थोडं-थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. किती मिमी हवी ते स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. सगळ्यात घट्ट जागी ती मोजून बसवा. ढिल्या जागी बसवली तर घट्ट जागा गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते.

मागं बसणारी व्यक्ती

नियम सांगतो की मागं बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या आईला किंवा मावशीला रेसच्या घडणीच्या मागच्या सीटवर बसवू नये. ती सीट अरुंद आहे, उंच आहे, पुढं उतरती आहे, आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणाऱ्यासाठीच केलेली आहे. ब्रेक लागला की मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर येतो आणि पुढच्याच्या मनगटांवर दोघांचा भार पडतो. घरात एकच गाडी असेल आणि मागं वयस्कर माणूस बसणार असेल तर याच एका मुद्द्यावर निर्णय घ्यावा.

अ‍ॅव्हरेज आणि वर्षाचा खर्च

पॅनेलवर दिसणारा अ‍ॅव्हरेजचा आकडा अंदाजाचा असतो. टाकी भरून मोजा. गाडी मधल्या स्टँडवर किंवा सरळ उभी करून, पंपाची नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा आणि ओडोमीटर लिहून घ्या. निदान ३०० किमी चालवा. पुन्हा त्याच पंपावर, त्याच नोझलला, तशीच भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. ३१२ किमीला ५.२ लिटर लागलं तर ६०. असं तीनदा करून सरासरी काढा. एकदा कर्नाटकातल्या पंपावर आणि एकदा कोल्हापूर बाजूला असं करू नका. भरण्यात अर्ध्या लिटरचा फरक पडला तरी सगळा हिशेब बिघडतो.

समजा खानापूर-बेळगाव ये-जा करून दिवसाला ५० किमी, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,२५० किमी. एका गाडीचं अ‍ॅव्हरेज ६०, दुसरीचं ४२ धरलं तर महिन्याला नऊ लिटर पेट्रोल जास्त. वर्षाला शंभरच्या वर लिटर. पेट्रोलचा आजचा भाव लावून तो आकडा लिहा.

विम्याकडे फार थोडे लोक बघतात. थर्ड पार्टी विम्याचे टप्पे सीसीवर आहेत: ७५ ते १५० आणि १५० ते ३५०. जून २०२२च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा वर्षाचा हप्ता ७१४ रुपये आणि दुसऱ्याचा १,३६६. नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, तो ३,८५१ आणि ७,३६५. आर १५ चं इंजिन १५५ सीसीचं, म्हणजे पाच सीसीसाठी ती वरच्या टप्प्यात. भरताना चालू दर बघून घ्या.

टायरचा खर्चही मोजा. चांगल्या पकडीचं रबर मऊ असतं आणि मऊ रबर लवकर झिजतं. टायरच्या बाजूवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, त्याच्या रेषेत नक्षीच्या खाचेत एक उंचवटा असतो. नक्षी त्या उंचवट्याला आली की टायर संपला, मग तो कितीही बरा दिसो. फेअरिंगचं प्लास्टिक हा आणखी एक खर्च: उभी गाडी कलली तरी स्प्लेंडरचा फार तर लिव्हर वाकतो, इथं पॅनेल, खुंट्या आणि आरसा एकदम जातो.

ऑइल दोन्ही गाड्यांना जेएएसओ एमए किंवा एमए२ लिहिलेलंच घाला. या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरतो: आरपीएम चढतं, गाडी पळत नाही.

स्प्लेंडरची रेस गाडी होत नाही

गावोगावी हे चालतं म्हणून सांगायला हवं. मूळ अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की टायर मध्ये फुगून टोकदार होतो, रस्त्याला टेकणारी जागा वाढण्याऐवजी कमी होते, आणि चेन टायरला घासायची भीती. क्लिप-ऑन हँडल (रेसच्या गाडीसारखं खाली बसवलेलं) लावलं पण फुटरेस्ट पुढंच राहिले तर पाय पुढं आणि हात खाली, म्हणजे अंग मधोमध दुमडलेलं. त्यात ब्रेक नीट लागत नाही. फ्री-फ्लो सायलेन्सरने आवाज वाढतो, दंड बसतो आणि बीएस ६ गाडीत इंधनाचं प्रमाण बिघडतं. पुढच्या स्पॉकेटचा, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, एक दात कमी करणं हा एकच बदल कधी कधी उपयोगी पडतो. चौदाचा तेरा केला तर गाडी जवळजवळ आठ टक्के जास्त ओढते आणि त्याच वेगाला इंजिन तेवढ्याच प्रमाणात जास्त फिरते. डोंगरातल्या गावात दोन माणसं आणि ओझं घेऊन चढणाऱ्याला ते चालेल, हायवेवाल्याला नाही.

ज्याला खरोखर रेसच्या घडणीची गाडी तिच्या जागी चालवायची आहे, त्याने कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या सर्किटवर ट्रॅक डे असेल तेव्हा जावं. बेळगाव-गोवा रस्ता ती जागा नाही. चोर्ल्यात पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा मीटरवरची गाय दिसत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. रोज ३०-४० किमी, गाव आणि रान, मागं घरची माणसं: शंभर सीसी. रोज हायवेवर एका बाजूला चाळीसच्या वर किलोमीटर: शंभर सीसी थकेल आणि रेसची ठेवण तुम्हाला थकवेल, तेव्हा १२५ ते १६० सीसीची ताठ बसायची गाडी बघा. रेसच्या घडणीची गाडी एकट्याने, डांबरी रस्त्याला, आठवड्यातून एक-दोन वेळा लांब जाणाऱ्याने घ्यावी, आणि घरात दुसरी गाडी असावी.

जुनी घेत असाल तर

रेसच्या घडणीच्या जुन्या गाड्या कोल्हापूर आणि गोव्याकडून बऱ्याच येतात. इंजिन थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी नको. हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फुटरेस्टची टोकं बघा, पडलेल्या गाडीच्या खुणा तिथं राहतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण तोडून फ्रेमवरचा अडथळा बघा. तिथला रंग उडून लोखंड चेपलं असेल तर गाडी जोरात आपटली आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर खटकन अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलेला आहे. कुलंटच्या डबीत पाणी दुधाळ किंवा तेलकट दिसलं तर तिथूनच परत या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) घेऊन जा, मोजा. चेन मागच्या स्पॉकेटच्या मागच्या कडेला धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्पॉकेटचा पूर्ण संच किमतीतून वजा करायचा.

कागद बघताना एमएच ०९ किंवा गोव्याची गाडी असेल तर मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्जावरची गाडी असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आधी घ्या. दुसऱ्या राज्यातली गाडी कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवी नोंदणी करावी लागते आणि इथला आजीवन कर वेगळा भरावा लागतो. महाराष्ट्रात दुचाकीचा कर सीसीच्या टप्प्यांवर आहे, कर्नाटकात किमतीच्या टप्प्यांवर. म्हणून तिकडे स्वस्त दिसलेली गाडी केए २२ किंवा केए २३ च्या पाटीवर येईपर्यंत किती रुपयांना पडते, ते आरटीओत विचारून, मगच इसार द्या.